किती आणि कोणाला? : ब्रूस एम्स यांच्या संशोधनाची ओळख

ब्रूस एम्स यांचे नाव घेणारे दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही एम्स अर्धेच हवे असतात. पहिल्या पक्षाला १९७० च्या दशकातले एम्स आवडतात. केसांच्या कलपात आणि लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांत डीएनए बिघडवणारी रसायने आहेत हे दाखवून देणारे, कारखानदारांना घाम फोडणारे एम्स. दुसऱ्या पक्षाला हवे असतात ते त्यानंतरचे. भाजीवर राहिलेल्या कीटकनाशकाच्या अंशाला इतके घाबरू नका, उंदरांत कर्करोग घडवणारी जेवढी द्रव्ये तुम्ही कॉफीच्या एका कपातून पिता तेवढी तशा कीटकनाशकांची वर्षभराची बेरीजही भरणार नाही, असे ठणकावून सांगणारे. माणूस विकला गेला, असे पहिला पक्ष म्हणतो. माणूस शहाणा झाला, असे दुसरा.

हे पुस्तक लिहायला घेतले ते या दोन्ही निकालांबद्दल शंका होती म्हणून. लिहून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की एम्स यांनी दिशा बदललीच नव्हती. एखादे रसायन डीएनएला धक्का लावते का, हा त्यांचा पहिला प्रश्न. लावत असेल तर किती प्रमाणात घेतल्यावर, हा दुसरा. आणि तेवढे प्रमाण प्रत्यक्षात कोणाच्या अंगात जाते, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या लेखनात आहे, पण ते त्यांच्या टीकाकारांनी वाचले नाही आणि चाहत्यांनी तर मुळीच नाही.

एम्स म्हटल्यावर आपल्याकडे दिल्लीचे रुग्णालय आठवते. त्याचा इथे काही संबंध नाही. हे ब्रूस नेथन एम्स, जन्म १६ डिसेंबर १९२८, न्यूयॉर्क. मृत्यू ५ ऑक्टोबर २०२४, वयाच्या ९५ व्या वर्षी. औषध असो, कीटकनाशक असो वा रंग, नवे रसायन बाजारात आणायचे तर त्याची जी पहिली जनुकीय परीक्षा होते ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जनुकीय विषशास्त्र हा विषय मात्र एम्स यांच्यापासून सुरू होत नाही. नेहमीचे विष माणसाला आजारी पाडते किंवा मारते. हे विष पेशीला जिवंत ठेवते आणि तिच्या डीएनएत एखादा बदल करून सोडून देते. परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात, कधी पुढची पिढी यावी लागते. १९२७ साली हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तने घडवून दाखवली. रसायनांनीही असे घडते हे सिद्ध केले ते एका निर्वासित बाईंनी. शार्लट आउअरबाख जर्मनीत शाळेत शिकवत होत्या. १९३३ मध्ये ज्यू शिक्षकांना शाळांतून काढले तेव्हा त्या एडिनबरोला आल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की मस्टर्ड वायूने भाजलेली जखम क्ष-किरणांनी भाजल्यासारखी रेंगाळते, बरी व्हायला फार वेळ घेते. मग परिणाम आत, म्हणजे जनुकांवरही, सारखाच असेल का? आउअरबाख आणि जे. एम. रॉब्सन यांनी गच्चीवर फळमाश्यांना तो वायू दिला. बाईंचे हात भाजले, पण १९४१ पर्यंत उत्तर मिळाले होते. युद्धाचे गुपित म्हणून ते १९४६ पर्यंत छापता आले नाही. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. इथे त्यांना एकच प्रकरण मिळाले आहे, याची मला खंत आहे.

माश्यांवरचे हे काम अचूक, पण संथ. एकेका रसायनासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवून हजारो माश्या तपासायच्या. तोवर जगभरच्या कारखान्यांतून नवी रसायने बाहेर पडत होती, ती कोण तपासणार?

त्या वेळी एम्स या वाटेवर नव्हतेच. ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स, कॉर्नेल विद्यापीठ, मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हर्शेल मिचेल यांच्याकडे १९५३ ची पीएच. डी. असा त्यांचा प्रवास. विषय हिस्टिडिन. हे एक अमिनो आम्ल. ते बुरशीची पेशी कोणकोणत्या पायऱ्यांनी बनवते ते शोधायचे. पुढे बेथेस्डाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये त्यांनी बुरशी सोडून साल्मोनेला हा जीवाणू घेतला. जॉन्स हॉपकिन्सचे फिलिप हार्टमन यांच्याकडे हिस्टिडिन बनवता न येणाऱ्या साल्मोनेलाचे शेकडो प्रकार जमा झालेले होते, प्रत्येकात वेगळ्या ठिकाणी बिघाड. १९५९ मध्ये एम्स आणि बार्बरा गॅरी यांनी दाखवले की हिस्टिडिन भरपूर असले की ते बनवणारी एन्झाइमे एकाच प्रमाणात, एकदम मागे घेतली जातात. म्हणजे त्यांची जनुके एकत्र चालवली जातात. पॅरिसमध्ये झाकोब आणि मोनो ऑपेरॉनची (अशा एकत्र चालणाऱ्या जनुकगटाची) कल्पना जुळवत होते त्याच काळातली ही गोष्ट. १९६१ साली एम्स केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक यांच्या प्रयोगशाळेत आणि पॅरिसला झाकोब यांच्याकडे राहून आले. डीएनएतली अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात, आणि मध्येच एक अक्षर घुसले किंवा गळले की पुढचे सगळे वाचन सरकते, हे क्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले ते त्याच वर्षी.

ही सगळी वर्षे निव्वळ कुतूहलाची होती. कर्करोगाचा विषय त्यांत कुठेच नाही. आज संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या तरुणाला पहिल्याच पानावर समाजोपयोग लिहावा लागतो. हिस्टिडिनच्या एम्सना तो लिहिता आला नसता.

वळण आले ते १९६४ च्या सुमारास, तळलेल्या बटाट्याच्या कापांच्या पाकिटामुळे. पाकिटावरची घटकांची यादी वाचताना त्यांच्या मनात आले, की यातली किती द्रव्ये जनुकांना धक्का लावतात हे कोणी पाहिले आहे का? ही गोष्ट ते स्वतः सांगत. शोधकथा सांगून सांगून गुळगुळीत होतात हे खरे, पण प्रश्न अस्सल होता आणि उत्तर द्यायचे साधन त्यांच्या कपाटात आधीच होते.

चाचणी इतकी साधी आहे की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटते. हिस्टिडिन न बनवता येणारे कोट्यवधी जीवाणू हिस्टिडिन जवळपास नसलेल्या आगरच्या बशीत पसरायचे. ते वाढणार नाहीत. आता संशयित रसायन घालायचे. ते डीएनए बदलत असेल तर काही थोड्या जीवाणूंतला जुना बिघाड योगायोगाने उलटा दुरुस्त होतो, त्यांना हिस्टिडिन बनवता येऊ लागते आणि दोन दिवसांत त्या प्रत्येकाची डोळ्यांना दिसणारी वसाहत तयार होते. वसाहती मोजायच्या. आपोआप उगवणाऱ्यांपेक्षा त्या बऱ्याच जास्त भरल्या आणि मात्रेबरोबर वाढत गेल्या की रसायन उत्परिवर्तक. एका जातीत डीएनएचे अक्षर बदललेले, तर दुसरीत वाचन सरकलेले. त्यामुळे रसायन कोणत्या प्रकारचा घाव घालते तेही कळते. केंब्रिजचे वर्ष इथे उपयोगी पडले. त्यावर एम्स यांनी या जीवाणूंना मुद्दाम दुबळे केले. बाहेरचे आवरण झिरपते केले, डीएनए दुरुस्त करणारे एक जनुक काढून टाकले, पुढे चुका वाढवणारा एक प्लास्मिडही (डीएनएचे छोटे वर्तुळ) घातला. टीए ९८ आणि टीए १०० ही नावे आज कोणत्याही विषशास्त्र प्रयोगशाळेत ऐकू येतात, ती याच जाती.

तरी एक अडचण मोठी होती. ज्ञात कर्करोगकारक रसायने या जीवाणूंवर टाकली तर पुष्कळदा काहीच होत नसे. कारण विस्कॉन्सिनच्या एलिझाबेथ आणि जेम्स मिलर या दांपत्याने आधीच शोधून ठेवले होते. यातली बहुतेक रसायने मुळात निरुपद्रवी असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी विरघळणारे करायला जाते आणि त्या खटपटीत यकृतातली एन्झाइमे त्यांना डीएनएला चिकटणारे रूप देतात. जीवाणूला यकृत नाही. यकृताचा अर्क वापरून रसायन सक्रिय करता येते हे हाइनरिश माल्लिंग यांनी दाखवले होते. एम्स यांनी उंदराच्या यकृताचा अर्क सरळ बशीतच मिसळला. शेंगदाण्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन आणि धुरातले बेन्झोपायरिन लगेच पकडले गेले. १९७३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच होते की कर्करोगकारक ही उत्परिवर्तके आहेत.

१९७५ मध्ये जॉयस मॅकॅन आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तीनशे रसायनांचे निकाल मांडले. ज्ञात कर्करोगकारकांपैकी सुमारे ९० टक्के या चाचणीत सापडले होते. उंदरांवरच्या चाचणीला दोन-तीन वर्षे आणि प्रचंड खर्च. इथे दोन दिवस आणि काही बशा. बर्कलीत, जिथे ते १९६८ पासून प्राध्यापक होते, तिथून त्यांनी या जीवाणूंच्या जाती मागेल त्या प्रयोगशाळेला फुकट पाठवल्या. चाचणीचे पेटंट घेतले नाही. घेतले असते तर ही चाचणी काही श्रीमंत कंपन्यांपुरती राहिली असती, परळपर्यंत पोहोचली नसती.

परळचे का, ते पुढे येईलच. आधी बाजारात काय झाले ते. १९७५ मध्येच केसांचे १६९ कलप तपासले, १५० उत्परिवर्तक निघाले. मग कपडे. मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून अमेरिकेत त्यांत ट्रिस नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन भरत. एम्स यांची सहकारी आर्लीन ब्लम हिने ते तपासले. १९७७ मध्ये दोघांचा लेख आला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा कपड्यांवर बंदी आली. कारखानदारांनी ब्रोमीनच्या जागी क्लोरीन असलेले ट्रिस आणले. म्हणजे चोर हाकलून त्याच्या सख्ख्या भावाला राखणीला ठेवले. तेही उत्परिवर्तक असल्याचे लगेच दाखवले गेले. ब्लम ही गिर्यारोहक. १९७८ च्या शरदात तिने स्त्रियांची तुकडी अन्नपूर्णेवर नेली. त्या मोहिमेची हकिकत या पुस्तकाच्या कक्षेबाहेरची म्हणून मी मोठ्या कष्टाने वगळली आहे. तिकडे तोक्योत ताकाशी सुगिमुरा यांनी याच चाचणीने भाजलेल्या मासळीची करपलेली कड आणि धूर तपासला आणि उच्च उष्णतेवर प्रथिनांतून तयार होणारी उत्परिवर्तकांची एक नवीच जमात शोधली. १९९७ चे जपान पारितोषिक एम्स आणि सुगिमुरा यांना विभागून मिळाले.

सुगिमुरांचा शोध मला निर्णायक वाटतो. कारखान्यातून येते ते विष आणि चुलीवरून येते ते अन्न, ही विभागणी त्यामुळे टिकेना. वनस्पतीही किड्यांपासून वाचण्यासाठी विषे बनवतातच. १९८३ मध्ये एम्स यांनी अन्नातल्या नैसर्गिक उत्परिवर्तकांवर मोठा लेख लिहिला. १९९० मध्ये मार्गी प्रोफेट आणि लॉइस गोल्ड यांच्याबरोबर हिशेब मांडला, की अमेरिकी माणूस रोज सुमारे दीड ग्रॅम नैसर्गिक कीटकनाशके खातो, कृत्रिम अंशांच्या दहा हजार पट. आणि तोवर उंदरांवर तपासलेल्या अशा ५२ नैसर्गिक द्रव्यांपैकी २७ कर्करोगकारक निघाली होती. कृत्रिम रसायनांतही साधारण निम्मीच तशी निघतात. मग दोष रसायनांचा की चाचणीचा? प्राण्यांना जेमतेम सोसेल इतकी मोठी मात्रा जन्मभर दिली की पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या पेशी भराभर विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात चुकीची शक्यता असते. हा एम्स आणि गोल्ड यांचा युक्तिवाद.

यावर गदारोळ झाला. सॅम्युएल एपस्टाइन यांच्यासारख्या पर्यावरणीय आरोग्याच्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर जोरदार टीका केली. कॅलिफोर्नियातल्या रसायनविरोधी जनमत-प्रस्तावांविरुद्ध एम्स बोलले तेव्हा जुने मित्र दुरावले. त्या टीकेतले बरेच काही खरे आहे, असे माझे मत आहे. पेशीविभाजनाच्या युक्तिवादाने सगळी कोडी सुटत नाहीत. काही कृत्रिम द्रव्ये चरबीत साठत राहतात, तिथे रोजच्या मात्रेचा हिशेब अपुरा पडतो. मूळ चाचणीचाही भाव तोवर उतरला होता. १९८७ मध्ये ७३ रसायनांवर तपासले तेव्हा जीवाणूंचे आणि उंदरांचे निकाल जुळण्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपासच भरले. ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक, डायॉक्सिन यांना ही बशी पकडतच नाही, कारण ते थेट डीएनएवर घाव घालून काम करत नाहीत. एम्स यांना हे मान्य होते. त्यांच्या भाषणांचा सूर मात्र नेहमी मान्यतेचा नसे. वादात ते फार तापत आणि वाक्ये धारदार करण्याच्या नादात अपवाद गाळत.

पण १९८७ चा, रिनी मगॉ आणि गोल्ड यांच्याबरोबरचा त्यांचा तक्ता पाहा. त्यात निरनिराळ्या धोक्यांची क्रमवारी लावली आहे. माणसाला मिळणारी मात्रा आणि उंदरांत कर्करोग घडवणारी मात्रा यांचे गुणोत्तर काढले आहे. नळाचे पाणी, शेंगदाण्याचे लोणी, वाइन, कीटकनाशकांचे अंश सगळे आहे. सर्वांच्या वर, फार वर, कोण आहे? इथिलीन डायब्रोमाइड हे धुरीचे कीटकनाशक हुंगत काम करणारा कामगार. त्याच्या अंगात जाणारी मात्रा उंदरांना दिलेल्या मात्रेच्या पंक्तीला बसते. ही ओळ उद्योगांच्या पत्रकांत कधी छापली गेली नाही. ‘मात्रा पाहा’ हे वाक्य तेवढे उचलले गेले.

मराठी वाचकाला या तक्त्याशी नाते सांगायला दूर जावे लागत नाही. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत, जी पुढे खारघरला गेली, रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी याच साल्मोनेलावर पानमसाल्याचे अर्क आणि बिडीची तंबाखू तपासली. पानमसाल्यावरचा निबंध १९९० चा. बिडी वळणाऱ्या कामगारांच्या लघवीतली उत्परिवर्तकेही त्यांनी मोजली. गिऱ्हाईक बिडी ओढते ती तऱ्हा वेगळी; वळणारी बाई दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसते, तिची मात्रा कोणत्याही अंशाच्या हिशेबात बसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते उत्परिवर्तन नव्हे, सरळ विष. तरी भाजीवरच्या अंशाबद्दल शहरात जेवढी चर्चा चालते तेवढी पंप पाठीवर घेणाऱ्याबद्दल चालत नाही. एम्स यांचा युक्तिवाद प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला तर तो ग्राहकाची भीती कमी करतो आणि कामगाराबद्दलची काळजी वाढवतो. तो अर्ध्यावर सोडणे सोयीचे असते, इतकेच.

गोल्ड यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या प्राणी-चाचण्यांच्या माहितीसंग्रहाचे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. औषधात राहून जाणाऱ्या उत्परिवर्तक अशुद्धीसाठी आज दिवसाला दीड मायक्रोग्रॅम ही जी जगभर मानलेली मर्यादा आहे, तिचा पाया त्या संग्रहात आहे. अशुद्धी उत्परिवर्तक आहे का, हे ठरवते एम्स चाचणी. किती चालेल, हे ठरवतो गोल्ड यांचा हिशेब. २०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्या गोळ्यांत एनडीएमए ही उत्परिवर्तक अशुद्धी सापडली आणि अनेक देशांतून माल परत बोलावला गेला, तेव्हा त्या विशेष घातक द्रव्यासाठी मर्यादा याहून कितीतरी खाली, ९६ नॅनोग्रॅमवर ठेवली गेली. गोवा आणि महाराष्ट्रातल्या औषध कारखान्यांत गुणवत्ता विभागात बसणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. ‘जुने’ एम्स आणि ‘नवे’ एम्स त्यांच्या एकाच कागदावर असतात.

शेवटच्या तीस वर्षांबद्दल मी थोडक्यात लिहिले आहे. या काळात त्यांचे लक्ष बाहेरच्या रसायनांवरून आतल्या झिजेकडे वळले. श्वसनात तयार होणारी ऑक्सिडंट द्रव्येही डीएनए बिघडवतात. फोलेट कमी पडले की डीएनएत चुकीचे युरॅसिल शिरते आणि धागा तुटतो, जवळजवळ किरणोत्सर्ग लागल्यासारखा. २००६ मध्ये त्यांनी मांडले, की जीवनसत्त्वे अपुरी असली की शरीर ती आज जगण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांना देते आणि म्हातारपणासाठी लागणाऱ्यांना उपाशी ठेवते. कल्पना सुंदर आहे, पुरावा अजून अर्धामुर्धा आहे. गोळ्यांबद्दलचा त्यांचा उत्साह मला पटत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट वाढला. तो निकाल १९९४ सालीच आला होता. बशीत जे दिसते ते माणसात दिसेलच असे नाही, हे एम्स यांच्याहून चांगले कोणाला माहीत असणार!

वाचकाला एक सूचना. आउअरबाख यांच्यानंतरचे प्रकरण हिस्टिडिन बनवण्याच्या दहा पायऱ्यांचे आहे आणि ते कितीही सोपे केले तरी जडच राहिले आहे. ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी ते सोडून थेट बशीच्या प्रकरणावर जावे. चाचणी कशी चालते ते कळल्यावर त्या पायऱ्यांकडे परत आलात तर त्या कमी अवघड वाटतील.